कोळशाचा बॉयलर घेण्याआधी घराचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात: पत्र ईशान्य पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं आहे. घर १९४०च्या दशकातलं, दुमजली, सुमारे १९०० चौरस फुटांचं. गरम पाण्यावर चालणारे ओतीव लोखंडाचे जुने रेडिएटर आहेत. बेसमेंटमध्ये तीसेक वर्षांचा तेलाचा बॉयलर आहे. त्याच्या पाटीवर १,४०,००० बीटीयू (उष्णतेचं माप, इथे दर तासाचं) लिहिलंय आणि आंघोळीचं पाणीही तोच तापवतो. वर्षाला साधारण ९०० गॅलन तेल लागतं. नवऱ्याने ठरवलंय की कोळसा इथे जवळच निघतो, तेव्हा तेल कायमचं बंद करायचं. त्याच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक विक्रेता म्हणतो, जुन्यापेक्षा कमी नको, दीड लाख बीटीयूचा स्टोकर, म्हणजे कोळसा आपोआप आत सरकवणारा बॉयलर घ्या. दुसरीकडे ओळखीतून एक वापरलेला, हाताने कोळसा घालायचा बॉयलर स्वस्तात मिळतोय. घराला चिमणी एकच. दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई हिवाळ्यात यांच्याकडे असतात आणि दर डिसेंबरात सगळे तीन आठवडे भारतात जातात. त्या विचारतात: "दोनपैकी कोणता घ्यावा? कोळसा म्हटलं की घरभर धूर आणि काजळी हेच माझ्या डोळ्यांसमोर येतं. नवरा म्हणतो, मी उगाच घाबरते."

उत्तर:

तुमची भीती खोटी नाही, फक्त ती चुकीच्या जागी आहे. धूर आणि काजळी होते ती मऊ, म्हणजे बिट्युमिनस कोळशाची. तुमच्या भागात निघतो तो अँथ्रासाइट. स्कूलकिल, लुझर्न, लॅकवाना, नॉर्थम्बरलँड, कार्बन या काउंट्यांतला हा कोळसा कडक आणि चकचकीत असतो. त्यात उडून जाणारे घटक फार कमी असल्यामुळे तो निळसर आखूड ज्योतीने, जवळजवळ धुराशिवाय जळतो. काजळी धरत नाही, म्हणून लाकडासारखी चिमणीला आग लागण्याची भीतीही त्यात नाही. पण याच गुणामागे खरा धोका लपलेला आहे. लाकडाचा धूर घरात आला तर डोळे चुरचुरतात, माणूस उठून खिडकी उघडतो. अँथ्रासाइटचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात आला तर ना वास येतो, ना काही दिसतं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते.

आता विक्रेत्याच्या सल्ल्याकडे वळते. "जुन्यापेक्षा कमी नको" या वाक्यावर बहुतेक लोक मान डोलावतात आणि इथेच सगळ्यात महागडी चूक होते. जुन्या बॉयलरच्या पाटीवरचा आकडा तुमच्या घराची गरज सांगत नाही. बॉयलर बसवणाऱ्याने त्या वेळी काय विकलं, तेवढंच तो सांगतो. घराची गरज तुमच्या तेलाच्या बिलांत लिहिलेली आहे. वही घ्या, आपण मांडूया.

९०० गॅलनांपैकी आंघोळीच्या पाण्याचे १५० बाजूला काढा. जून ते ऑगस्टमध्ये किती तेल लागलं ते बघून हा आकडा तुम्ही नेमका करू शकाल. उरले ७५० गॅलन. तुमच्या भागात वर्षाला साधारण ६,००० हीटिंग डिग्री-डे होतात, म्हणजे रोजचं सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितकं खाली, त्याची वर्षभराची बेरीज (पुढचे सगळे अंशही फॅरनहाइटच). ६,००० भागिले ७५० म्हणजे एका गॅलनात ८ डिग्री-डे. कडाक्याच्या थंडीत बाहेर ५ अंश असेल तर त्या दिवशी ६० डिग्री-डे, म्हणजे साडेसात गॅलन. एका गॅलनात सुमारे १,३८,५०० बीटीयू असतात. जुन्या बॉयलरने त्यातले ८० टक्के घरात दिले असं धरलं, तर दिवसाला सव्वाआठ लाखांच्या आसपास, आणि २४ने भागल्यावर तासाला सुमारे ३५,००० बीटीयू.

म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्रीसुद्धा तुमचं घर ३५ हजार मागतं, आणि तुम्हाला दीड लाखाचा बॉयलर विकला जातोय. तेलाच्या बॉयलरचं हे खपून जातं, कारण तो पाच मिनिटं पेटतो आणि साफ विझतो. कोळसा असा विझवता येत नाही. मागणी नसतानाही निखारे जिवंत ठेवावे लागतात. फार मोठा बॉयलर ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये एकतर भुकेने विझतो, नाहीतर नको असलेली उष्णता बेसमेंटमध्ये ओतत बसतो. पाणी तापवण्याची गरज आणि थोडी राखीव ताकद धरून ५० हजारांच्या आसपास तुमचं काम होतं. स्टोकर बॉयलर इतक्या लहान मापात सहसा मिळत नाहीत, म्हणून मिळेल त्यातला सगळ्यात लहान घ्या. गरम पाण्यासाठी बॉयलरमधल्या कॉइलवर विसंबणं सोडा. बॉयलरच्या पाण्याने तापणारी वेगळी ४० गॅलनची इनडायरेक्ट टाकी जोडली की लहान बॉयलरही सकाळच्या लागोपाठच्या आंघोळी निभावतो. टाकीच्या पुढे थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर १८० अंशांच्या बॉयलरमागून आलेलं पाणी सासूबाईंचा हात भाजेल.

आता पैसे. एका टनात (इथला २,००० पाउंडांचा टन) साधारण अडीच कोटी बीटीयू असतात. कोळशाचा बॉयलर ७५ टक्के आणि तेलाचा ८० टक्के कार्यक्षम धरला, तर एक टन कोळसा म्हणजे सुमारे १७० गॅलन तेल. हा एक आकडा लक्षात ठेवला की कुठल्याही वर्षी, कुठल्याही भावात तुलना करता येते. तुमचे ९०० गॅलन म्हणजे सव्वापाच-साडेपाच टन. समजा तेल साडेतीन डॉलर गॅलन आणि कोळसा घरपोच ३५० डॉलर टन. तेलाचे ३,१५० आणि कोळशाचे साधारण १,८५०, म्हणजे वर्षाला तेराशे डॉलर वाचतात. बॉयलर, पाइपकाम, चिमणी, कोळशाची कोठी सगळं मिळून समजा १५,००० झाले, तर पैसे फिटायला अकरा वर्षांहून जास्त लागतील. भाव मी फक्त हिशेब दाखवायला धरलेत. तुमच्या गावातले घालून तुम्ही दोघांनी एकत्र बसून हाच हिशेब पुन्हा करा. नवऱ्याच्या मनात "निम्म्यात काम होईल" एवढंच असेल, तर कागदावर उभे राहिलेले आकडे भांडणापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

हाताने कोळसा घालायच्या बॉयलरचं आकर्षण मला समजतं. त्यात मोटार नाही, बिघडायला फारसं काही नाही आणि आग चालू राहायला वीज लागत नाही. पण तो चालवणं हे रोजचं काम आहे. सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने जाळी हलवून राख पाडायची, वर नट किंवा पी आकाराचा कोळसा भरायचा, राखेचा ट्रे रिकामा करायचा. थर पातळ ठेवला तर अँथ्रासाइट जळत नाही. त्याला जाळीवर भट्टीच्या विटांच्या काठापर्यंत, दहा-बारा इंच भरलेला थर आणि खालून येणारी हवा लागते. लाकडाची सवय असलेले लोक वरची झडप उघडतात आणि मग आग का मेली म्हणून विचारत बसतात. आणखी एक चूक धोक्याची आहे. लाल निखाऱ्यांवर ताजा कोळसा पूर्ण पसरून टाकला की वायू साठतो, ज्योत नसल्यामुळे जळत नाही, आणि थोड्या वेळाने एकदम पेट घेऊन दार किंवा धुराचा पाइप उडवू शकतो. म्हणून कोळसा भरताना एका कोपऱ्यात लाल निखारे नेहमी उघडे ठेवायचे आणि त्यावर निळ्या ज्योती नाचताना दिसेपर्यंत खालची हवा चालू ठेवायची. हे सगळं तुमचा नवरा हौसेने करेलही. प्रश्न तो कामानिमित्त दोन दिवस बाहेरगावी असेल तेव्हाचा आहे. त्या रात्री खाली कोण उतरणार, हे पैसे देण्याआधी ठरलेलं असू द्या.

शिवाय हा बॉयलर वापरलेला आहे. तो बघायला गेलात तर टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर बरोबर न्या. राखेच्या दाराच्या आतले खालचे कोपरे आणि धूर बाहेर पडतो त्या तोंडाजवळचा पत्रा टोचून बघा. कोळशाच्या राखेत गंधक असतं, दमट बेसमेंटमध्ये उन्हाळाभर पडून राहिली की ती आम्ल बनते आणि याच जागा आधी खाते. जाळी वाकली आहे का, तिचे सुटे भाग अजून मिळतात का, ते विचारा. पाण्याच्या कप्प्यात पाणी भरून ३० पाउंड दाब तासभर टिकतो का ते बघा. ही चाचणी हवेने कधीच करू नका, हवेचा दाब सुटला तर लोखंडाचे तुकडे उडतात. आणि एएसएमई (बॉयलरच्या सुरक्षेचं अमेरिकन मानक) शिक्क्याची पाटी शोधा. पाटी नसेल तर तपासणी अधिकारी किंवा विमा कंपनी दोघांपैकी कोणीतरी अडवणार, मग स्वस्तात मिळालेलं लोखंड भंगारात जाईल.

म्हणून दोघांपैकी निवडायचं झालं तर तुमच्या घरासाठी मी स्टोकर निवडेन, फक्त दीड लाखाचा नव्हे. स्टोकरमध्ये तांदळाएवढ्या बारीक आकाराचा राइस कोळसा (इंचाच्या ३/१६ ते ५/१६) किंवा त्याहून जरा मोठा बकव्हीट आपोआप सरकत येतो, पंखा जाळीखालून हवा देतो आणि थर्मोस्टॅट मागेल तितकंच जळतं. पण आपोआप म्हणजे लक्ष न देता नव्हे. सपाट जाळीच्या स्टोकरमध्ये पूर्ण जोराने जळत असताना जाळीच्या टोकाला इंच-दीड इंच राखेची पट्टी दिसली पाहिजे. लाल निखारे तसेच ट्रेमध्ये पडत असतील तर कोळसा जास्त येतोय किंवा हवा कमी पडतेय, तुम्ही न जळलेला कोळसा फेकताय. पट्टी खूप रुंद असेल तर कोळसा कमी येतोय. मागणी नसताना निखारे जिवंत ठेवायला एक टायमर दर थोड्या वेळाने मिनिट-दोन मिनिटं स्टोकर चालवतो. शरद आणि वसंत ऋतूत आग विझते ती बहुतेक वेळा या टायमरचा वेळ कमी ठेवल्यामुळे. जास्त ठेवला तर बॉयलर उगाच तापतो. पहिल्या हंगामात हे हळूहळू जुळवावं लागेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक दिवस थांबून परिणाम बघा. जाळीची भोकं बुजली, जाळीखालच्या पेटीत कोळशाचा चुरा साठला, ओला कोळसा हॉपरमध्ये (कोळसा भरायच्या पेटीत) अडकून कमान झाली, ही आग विझण्याची बाकी नेहमीची कारणं.

यापुढचा मुद्दा तुमच्या पत्रात एका वाक्यात आलाय आणि सगळा निर्णय त्याच्यावर अडतो: चिमणी एकच आहे. तिच्यात धुराचा मार्ग एकच असेल, तर कोळशाचा आणि तेलाचा बॉयलर त्याच मार्गाला जोडता येणार नाही. इथे चिमण्यांसाठी वापरलं जाणारं एनएफपीए २११ हे मानक घन इंधनाचं उपकरण दुसऱ्या इंधनाच्या उपकरणाबरोबर एका मार्गात जोडायला सर्वसाधारणपणे मनाई करतं, आणि त्याला ठोस कारण आहे. एकाची ओढ, म्हणजे चिमणीतून धूर वर खेचणारा जोर, दुसऱ्याने मोडली तर वायू बेसमेंटमध्ये उलटतो. तेव्हा सगळ्यात आधी चिमणी तपासणाऱ्याला बोलवा आणि आत कॅमेरा सोडून घ्या. मातीच्या फरशांचं अस्तर असेल, फुटलेलं नसेल, सांधे भरलेले असतील, तर कोळशाला तेच उत्तम. अस्तर खराब असेल आणि कोणी स्टेनलेस स्टीलचा पाइप सोडायला सांगत असेल, तर तो कोळशासाठी मान्य आहे का आणि वॉरंटीत कोळसा बसतो का, हे लेखी घ्या. गंधकाची राख आणि ओल मिळून साध्या स्टेनलेस पाइपलाही काही हंगामांत भोकं पाडते.

मग तेलाच्या बॉयलरचं काय करायचं? नवरा म्हणतो कायमचं बंद. इथे मी त्याच्या विरुद्ध आहे, आणि कारण तुमचा डिसेंबर आहे. चांगला स्टोकरसुद्धा थंडीत दोन-चार दिवसांतून एकदा माणूस मागतो, कारण राखेचा ट्रे भरला की गाडं थांबतं. तीन आठवडे घर बंद, आग विझलेली, बाहेर १० अंश: रेडिएटर आणि पाइप गोठून फुटतात, आणि ते कळतं परत आल्यावर. रिकामं घर ५५ अंशांवर ठेवायला, बाहेर सरासरी २८ अंश धरले, तर याच हिशेबाने दिवसाला साडेतीन गॅलन तेल लागेल. तीन आठवड्यांचे ७०-७५ गॅलन. एवढ्यासाठी दुसरी व्यवस्था मोडायची नसते.

ती टिकवण्याचे दोन मार्ग आहेत. चिमणी कोळशाला देऊन तेलाच्या बॉयलरचा धूर भिंतीतून पंख्याने बाहेर काढता येतो. मात्र तुमच्या बॉयलरला आणि बर्नरला ते उत्पादकाने मान्य केलेलं असलं पाहिजे, तीस वर्षांच्या यंत्राबाबत हे नेहमी जमत नाही. दुसरा मार्ग मला तुमच्यासाठी जास्त पटतो: जुना तेलाचा बॉयलर काढून १२ किलोवॉटचा विजेचा बॉयलर. तो तासाला जवळजवळ ४१,००० बीटीयू देतो, म्हणजे तुमची सगळ्यात थंड रात्रसुद्धा निभावतो. त्याला चिमणी नको, टाकी नको, भिंतीवर लहान कपाटाएवढी जागा पुरते. २४० व्होल्टवर तो ५० अँपिअर ओढतो. घराचं वीजजोड २०० अँपिअरचं असेल तर सहसा बसतो, १०० अँपिअरचं असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून भार मोजून घ्या. रोज चालवायला तो महाग पडतो, पण तो रोजसाठी नाहीच. मात्र वीज गेली तर तोही बंद. म्हणून तुम्ही नसताना घराचं तापमान फोनवर कळवणारा सेन्सर आणि किल्ली असलेला एक शेजारी, हे दोन्ही हवेत.

राखीव बॉयलर कोणताही ठेवा, दोन्ही समांतर जोडा. प्रत्येकाला स्वतःचा पंप आणि उलटं पाणी अडवणारा चेक व्हॉल्व्ह. एकामागून एक जोडले तर कोळशाचं गरम पाणी बंद पडलेल्या बॉयलरमधून दिवसभर फिरतं आणि त्याच्या अंगातून उष्णता गळत राहते. कोळशाच्या बाजूचं तापमान पडलं की राखीव बॉयलर आपोआप चालू होईल असा ॲक्वास्टॅट (पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच) लावून घ्या. तुमचे रेडिएटर ओतीव लोखंडाचे, पोटात भरपूर पाणी असलेले. सकाळी सगळं थंड पाणी एकदम परत आलं की बॉयलर आतून घामेजतो आणि गंजतो, म्हणून परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारी बायपासची सोय पाइपकामातच मागून घ्या.

वीज गेल्यावर स्टोकरचा पंखा थांबतो आणि आग मंदावते, तरी निखाऱ्यांत उष्णता उरतेच. हाताने भरायच्या बॉयलरमध्ये ती खूपच असते, पंप मात्र बंद. यासाठी एक उष्णता सांडणारी शाखा हवी: वीज गेली की स्वतःहून उघडणारा झोन व्हॉल्व्ह, आणि वरच्या मजल्यावरचा एखादा रेडिएटर, जिथे गरम पाणी पंपाशिवाय आपोआप चढेल. हाताने भरायच्या बॉयलरला ही शाखा नसेल तर तो बसवूच नका, स्टोकरलाही ती असलेली बरी. ३० पाउंडांचा सेफ्टी व्हॉल्व्ह, पाणी कमी झालं तर बंद करणारा स्विच, तापून फुगलेलं पाणी सामावणारी पुरेशी एक्स्पान्शन टाकी यांत काटकसर नको. स्टोकर, पंखा आणि पंप मिळून वीज बेताचीच ओढतात, त्यामुळे लहान जनरेटरवरही रात्र काढता येते. जनरेटर घराबाहेर, खिडक्यांपासून लांब.

आता कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे तुमच्या भीतीची खरी जागा. प्रत्येक मजल्यावर, बेसमेंटमध्ये आणि सासूबाईंच्या खोलीबाहेर डिटेक्टर लावा. पण साधा डिटेक्टर काय करतो ते माहीत असू द्या. यूएल २०३४ या अमेरिकन मानकाचा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) वाजायला एक ते चार तास घेऊ शकतो, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटं, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटं. अचानकच्या मोठ्या धोक्यापासून तो वाचवतो. ३० पीपीएम आठवडाभर हवेत राहिले तर तो गप्पच बसेल. दमा असलेल्या वृद्ध माणसाच्या घरात कमी पातळीही आकड्यात दाखवणारा एक मॉनिटर वेगळा घ्या आणि त्यावर शून्याशिवाय काही दिसलं तर कारण शोधेपर्यंत थांबू नका.

कारण बहुधा ओढीत सापडतं. चिमणीची ओढ मॅनोमीटर या दाब मोजणाऱ्या उपकरणाने मोजतात. तुमच्या बॉयलरला किती ओढ हवी तो नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेत असेल. वाऱ्याच्या रात्री ती फार वाढू नये म्हणून धुराच्या पाइपवर बॅरोमेट्रिक डँपर, म्हणजे आपोआप उघडणारी झडप बसवतात. कमी पडण्याची वेळ मात्र उलटी असते: बाहेर ५० अंश, हवा स्तब्ध, आग मंद. कोळशाला जास्त जपायचं ते जानेवारीत नव्हे, तर अशा उबदार दिवसांत. धुराच्या आडव्या पाइपात आणि कोपराच्या वळणात उडणारी राख साठते. महिन्यातून एकदा पाइपवर बोटाने वाजवा. आवाज बद्द आला तर पाइप भरत आलाय. चिमणीच्या तळाचं सफाईचं दारही तेव्हाच उघडा. आणि बेसमेंटमध्ये कपड्यांचा ड्रायर असेल तर तो मिनिटाला दीड-दोनशे घनफूट हवा बाहेर फेकतो. घर घट्ट असेल तर तेवढीच हवा चिमणीतून उलटी खेचली जाऊ शकते. बॉयलरसाठी बाहेरच्या हवेचा वेगळा मार्ग ठेवायला सांगा. मॅनोमीटर लावून, ड्रायर आणि बाथरूमचे पंखे एकदम चालू करून ओढ तपासा. ज्याने बॉयलर बसवला त्याच्याकडून हे तुमच्यासमोर करून घ्या.

सासूबाईंना धुरापेक्षा राखेचा त्रास होईल. अँथ्रासाइटच्या वजनाच्या १० ते १५ टक्के राख होते, म्हणजे तुमच्याकडे वर्षाला हजार ते दीड हजार पाउंड. ती पिठीसारखी उडते. ट्रे काढताना झाकण असलेली लोखंडी बादली जवळच हवी, ट्रे झटकायचा नाही, आणि बेसमेंटचं दार बंद. घरातल्या साध्या व्हॅक्यूमने राख ओढू नका, बारीक कण मागून खोलीत येतात. राखेत निखारे दोन-तीन दिवस धुमसतात, म्हणून बादली लाकडी डेकवर किंवा गॅरेजमध्ये ठेवायची नाही. थंड राख कचऱ्यात कशी द्यायची ते नगरपालिकेला विचारा. भाजीच्या वाफ्यात मात्र घालू नका, तिच्यात जड धातू असतात. सासूबाईंच्या डॉक्टरांना बॉयलर घेण्याआधी विचारा. ते नको म्हणाले तर माझं सगळं उत्तर बाजूला ठेवा.

कोठीचं थोडक्यात. एका टनाला साधारण ४० घनफूट जागा लागते, म्हणजे सहा बाय सहा फुटांच्या कोठीत पाच फूट उंचीपर्यंत साडेचार टन मावतात. कोळसा भिंती बाहेर ढकलतो, तेव्हा प्लायवूडला दोन बाय सहा इंची लाकडांचा आधार द्या. ट्रकची कोळसा ओतायची घसरण बेसमेंटच्या खिडकीपर्यंत पोचते का ते मोजा. पोचत नसेल तर ४० पाउंडांच्या पिशव्या, एका टनाला ५०, आणि त्या खाली कोण नेणार हेही ठरवा.

हंगाम संपला की बॉयलर त्याच आठवड्यात साफ करायचा: राख खरवडून, धुराचा पाइप काढून धुऊन-वाळवून, चिमणीचं भोक बुजवून, आतल्या पत्र्याला तेलाचा हात देऊन, बेसमेंटमध्ये ओल ओढणारा डीह्युमिडिफायर चालू ठेवून. नीट ठेवलेला बॉयलर वर्षानुवर्षं टिकतो आणि तसाच सोडलेला थोड्या उन्हाळ्यांतच गळू लागतो. उन्हाळ्यातलं आंघोळीचं पाणी राखीव बॉयलरवर घ्या.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, तरी सांगते. १९४०च्या घरात पोटमाळ्याचं इन्सुलेशन आणि फटी तपासल्याशिवाय कुठलाही बॉयलर घेऊ नका. ब्लोअर डोअर चाचणी (दारात पंखा लावून हवेची गळती शोधणारी) करून फटी बुजवल्या आणि समजा दीडशे गॅलन वाचले, तर साडेतीनच्या भावाने सव्वापाचशे डॉलर दर वर्षी वाचतात, राख न उचलता. मग बॉयलरही आणखी लहान चालतो. आणि रस्त्यावर नैसर्गिक वायूची लाइन आहे का, थंड हवामानासाठीच्या डक्टलेस हीट पंपाचा (भिंतीवरच्या एसीसारखं, पण घर तापवणारं यंत्र) अंदाज काय येतो, हे दोन्ही आकडे कोळशाशेजारी लिहा. त्याच कागदावर हेही लिहा की तेवढीच उष्णता देताना अँथ्रासाइट तेलापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो: दर दहा लाख बीटीयूला तेलाचे साधारण १६३ पाउंड, कोळशाचे २२९. तुम्हाला त्याचं वजन किती वाटतं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण माहीत असून ठरवा.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी डॉक्टर आणि चिमणीचा कॅमेरा, मग घराच्या फटी, मग टाउनशिपच्या कोड ऑफिसची परवानगी आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर, आणि शेवटी बॉयलर. पहिल्या तीनपैकी कशातही अडलं तर या वर्षी जुन्या तेलाच्या बॉयलरची सर्व्हिसिंग करून घ्या आणि हिवाळा काढा, त्यात काही बिघडत नाही.

आणि तेलाची टाकी काढायची ठरलीच, तर बाहेरच्या भिंतीतला तेल भरायचा पाइप आणि शेजारचा हवेचा पाइप त्याच दिवशी काढून भोकं सिमेंटने बुजवा. नुसतं झाकण लावून भागत नाही. तेलवाल्याकडे रद्द केलेला करार चुकून चालू राहतो किंवा ड्रायव्हर घर चुकतो, पाइप दिसला की नळी लावतो, आणि शे-दोनशे गॅलन तेल टाकी नसलेल्या बेसमेंटमध्ये ओततो. तेल कंपनीला करार रद्द केल्याचं पत्र पाठवा आणि त्याची पोच जपून ठेवा.